कोयनेच्या पोटातला हेलियम

बोअर म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न, पाणी लागलं का? कराडजवळच्या हजारमाचीतली बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी विचारते, वायू कोणता आला? केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या या संस्थेचा विषय 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेपासून सुरू होतो. त्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपाची तीव्रता 6.3 होती, आणि कोयना धरणाच्या परिसरातले धक्के आजही थांबलेले नाहीत. कारण शोधायला गोठणे इथे 2017 मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झालं. वर सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण, खाली ग्रॅनाइट.

खडक फुटतो तसा त्यात अडकलेला वायू ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर वर येतो. त्यात खरा चुगलखोर हेलियम. ग्रॅनाइटमधल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून तो युगानुयुगं साचतो आणि भेग सापडली की निसटतो.

पण त्याला पकडायचं कसं? कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो, म्हणून वर्णपटात दिसतो. हेलियमचा तिथे मागमूस नाही. मग इतरांना गोठवायचं. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे 196 अंशांना कार्बन डायऑक्साइडचा बर्फ होतो, हेलियम वायूच राहतो. हेलियम वेगळा काढण्याची ही प्रयोगशाळांतली नेहमीची युक्ती.

तरी गोठलेला वायूही थोडा उडतोच, त्याचा बाष्पदाब असतो. ड्राय आइसचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा, तो उणे 78.5 अंशांना एक वातावरणाइतका भरतो. उणे 196 ला मात्र इतका क्षीण, की साधा दाबमापक भांड्याच्या भिंतींतून सुटलेले भलतेच वायू मोजत बसेल. इथे अवरक्त वर्णपट कामाला येतो. थंड खिडकीवर बर्फाचा पातळ थर चढवून किरण आरपार सोडायचे. थर उडत जाईल तसं 4.27 मायक्रोमीटरजवळचं शोषण घटतं. घटण्याच्या वेगावरून बाष्पदाब काढता येतो. प्लूटो आणि धूमकेतूंचा बर्फ अभ्यासणाऱ्यांना हे आकडे हवे असतात.

गोठणे इथल्या बोअरमध्ये हेलियम आणि कार्बन डायऑक्साइड भेगाळ पट्ट्यांत वाढलेले आढळले. धक्क्यांचं कारण एवढ्याने उलगडत नाही. बरेचसे धक्के तीन किलोमीटरहून खोल उगम पावतात. म्हणून पुढचा बेत सहा किलोमीटर खोल बोअरचा आहे.