स्विंग बदलताना शिकवणी किती दिवसांनी घ्यावी?

गोल्फ हा साहेबांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा खेळ, ही समजूत आता जुनी झाली. पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला सकाळी सहाच्या सुमारास गेले, तर कापडाचे, औषधांचे, लोखंडाचे व्यापारी पाठीवर पिशवी घेऊन पहिल्या टीकडे निघालेले दिसतात. यांपैकी बऱ्याच जणांनी हा खेळ पन्नाशीच्या आसपास, मुलांनी दुकान हाती घेतल्यानंतर सुरू केलेला असतो. हात मात्र बालपणापासून क्रिकेटचे. त्यामुळे दोनचार वर्षे कसाबसा चेंडू मारल्यावर एक दिवस असा येतो, की प्रशिक्षक म्हणतो, "शेठ, एवढ्यावर आता पुढे जाता येणार नाही. स्विंगच बदलावा लागेल."

येथून खरा प्रश्न सुरू होतो. बदल मान्य केला. पण शिकवणीला यायचे किती दिवसांनी? आठवड्यातून दोनदा, आठवड्यातून एकदा, की महिन्यातून एकदा? या प्रश्नाचे उत्तर क्लबवर जितक्या माणसांना विचारावे, तितक्या प्रकारचे मिळते. आमचे आयुष्य बँकेत कर्जाचे हप्ते बांधून देण्यात गेले. हप्ता बँकेच्या सोयीने ठरवला तर कर्ज थकते. कर्जदाराची आवक कधी आणि किती, हे पाहून ठरवला तर फिटते. शिकवणीचेही तसेच आहे, असे माझे मत झाले आहे. दोन शिकवण्यांमधले अंतर दिवसांत मोजू नये. मधल्या काळात आपला स्वतःचा सराव किती वेळा होणार आहे, त्यावरून मोजावे.

त्यामागचे कारण समजून घेण्यासाठी स्विंग म्हणजे काय, हे थोडे पाहावे लागेल. क्लब मागे नेऊन वर थांबल्यापासून तो चेंडूपर्यंत खाली येण्यास साधारण पाव सेकंद लागतो. क्लबफेस आणि चेंडू यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर अर्ध्या सहस्रांश सेकंदाच्या आसपासचा. एवढ्या अवधीत "आता कोपर आत ठेवू, आता कंबर आधी फिरवू" असा विचार करून शरीराला आज्ञा देणे शक्यच नाही. जे सवयीचे असेल तेच बाहेर येणार. म्हणून स्विंगमधला बदल म्हणजे एका जुन्या सवयीवर दुसरी सवय बसवणे होय, आणि जुनी सवय काही घर सोडून जात नाही. ती माजघरात बसून संधी पाहत असते. क्रिकेट खेळलेल्या गृहस्थाच्या बाबतीत ही जुनी सवय बहुधा एकच असते: चेंडू दिसला की हात आणि उजवा खांदा आधी धावतात, क्लब बाहेरून आत येतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. यालाच स्लाइस म्हणतात.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली शारीरिक कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर माणूस प्रत्येक हालचाल डोक्याने करतो आणि चुका ढोबळ असतात. दुसरीवर हालचालींची सांगड बसू लागते व चुका कमी होतात. तिसरीवर कौशल्य आपोआप घडते. स्विंग बदलणारा खेळाडू तिसऱ्या पायरीवरून मुद्दाम पहिलीवर उतरतो. अठरा वर्षे स्वतःच्या दुकानात बसलेल्या माणसाने पुन्हा उमेदवारी पत्करण्यासारखे ते आहे. हे अवघड जाते. आणि म्हणूनच दर दोन दिवसांनी कोणीतरी शेजारी उभे राहून "बरोबर, बरोबर" म्हणावे, असे वाटू लागते.

येथेच सावध राहावे लागते. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ साली एक विचार मांडला, की शिकणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगत राहिले तर त्या वेळची कामगिरी सुधारते, परंतु तो त्या आधारावर विसंबू लागतो. पुढे १९९० साली विन्स्टीन आणि श्मिट यांनी हाताच्या हालचालीचे प्रयोग केले. ज्यांना प्रत्येक प्रयत्नाचा निकाल सांगितला आणि ज्यांना निम्म्याच प्रयत्नांचा सांगितला, त्या दोन गटांत सरावाच्या वेळी विशेष फरक नव्हता; पण दुसऱ्या दिवशी आधाराविना तपासले असता निम्मा निकाल मिळालेला गट सरस ठरला. हे प्रयोग प्रयोगशाळेतले आहेत, गोल्फच्या मैदानावरचे नाहीत, त्यामुळे त्यांवरून आठवड्यांचे नेमके कोष्टक काढणे योग्य होणार नाही. तथापि दिशा स्पष्ट आहे. प्रशिक्षक शेजारी असताना उत्तम आणि तो नसताना पूर्वीसारखाच, असे जे अनेकांचे होते, त्याचे एक कारण यात सापडते.

मग महिन्या-दोन महिन्यांनी जावे काय? तेही चालत नाही, निदान आरंभी तरी नाही. कारण गोल्फमध्ये जे जाणवते आणि जे घडते, त्यांत मोठे अंतर असते. क्लब आपण अगदी आतून आणला असे वाटते. मोबाइलवर चित्रफीत पाहिली तर तो जुन्याच वाटेने आलेला दिसतो. प्रशिक्षकाने दिलेली सूचना पहिल्या दोन दिवसांत शुद्ध असते. नंतर आपण तिच्यात आपली भर घालू लागतो. महिन्याभरात मूळ सूचना एक आणि आपण करीत असलेली गोष्ट भलतीच, अशी अवस्था होते, आणि तीच गोष्ट आपण चारपाचशे चेंडूंनी पक्की करून बसतो.

माझ्या परिचयातील एका घाऊक व्यापाऱ्याने स्वीकारलेला क्रम मला पटला. त्यांची पहिली शिकवणी पूर्ण तासाची झाली. तीत एकच बदल ठरला: ग्रिप. दुसरी शिकवणी आठ दिवसांनी, अर्ध्या तासाची. तीत नवे काहीच नव्हते, जे सांगितले ते तसेच होत आहे ना, एवढी तपासणी. त्यानंतर दोन आठवड्यांचे अंतर, मग तीन, आणि बदल अंगवळणी पडल्यावर महिन्यातून एकदा. मधल्या काळात आठवड्याला तीन वेळा रेंजवर जाऊन पन्नासच चेंडू, त्यांतील निम्मे अर्ध्या स्विंगने. घरी आरशासमोर चेंडूविना दहा मिनिटे. ज्यांना आठवड्याला एकदाच रेंजवर जाणे जमते, त्यांनी हीच अंतरे दुप्पट करावीत. कारण सराव न करता पुढच्या शिकवणीला जाणे म्हणजे मागचाच धडा पुन्हा पैसे देऊन ऐकणे.

पैशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. अनेक ठिकाणी दहा शिकवण्या एकत्र घेतल्यास दर कमी पडतो. व्यापारी माणसाला घाऊक भाव आवडतो, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या दहा शिकवण्या तीन महिन्यांत संपवायची अट असेल, तर शिकवणीची वारंवारिता आपली गरज ठरवत नाही. पावतीवरची मुदत ठरवते. मुदत सहा महिन्यांची करून मिळते का, हे आधी विचारावे. नाही मिळाली, तर पाच शिकवण्यांचा थोडा चढा दर मला अधिक किफायतशीर वाटतो.

मोठ्या खेळाडूंकडे पाहिले की कालावधीचा अंदाज येतो. इंग्लंडचा निक फाल्डो १९८३ साली युरोपात पाच स्पर्धा जिंकला होता. तरीही मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी आपला स्विंग टिकत नाही, असे त्याच्या मनाने घेतले आणि १९८५ साली डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे त्याने तो मुळापासून बदलायला घेतला. पुढची सुमारे दोन वर्षे त्याच्या हाती विजय आला नाही. १९८७ च्या जुलैत म्युअरफील्ड येथे शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होल पारमध्ये खेळून तो एका फटक्याने ओपन स्पर्धा जिंकला. टायगर वूड्सचे उदाहरण तर अधिकच विलक्षण. एप्रिल १९९७ मध्ये मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकल्यावर त्याने बुच हार्मन यांच्यासह स्विंग बदलायला घेतला. १९९८ साली अमेरिकी दौऱ्यावर त्याला एकच विजेतेपद मिळाले. १९९९ मध्ये आठ आणि २००० मध्ये नऊ. हे दोघे पूर्ण वेळ खेळणारे, तरुण आणि रोज शेकडो चेंडू मारणारे. त्यांना इतका काळ लागला, तर पंचावन्न वर्षांच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या व्यापाऱ्याने सहा आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून प्रशिक्षक बदलावा, हे मला समजत नाही. अशा वेळी दोन प्रशिक्षक एकाच वेळी ठेवणारेही पाहिले आहेत. एका खात्याला दोन हिशेबनीस नेमल्यावर जे होते, तेच तेथे होते.

ठरलेल्या दिवसाआधी प्रशिक्षकाकडे जाण्याची दोन कारणे मी रास्त मानतो. एक, कंबरेत किंवा मनगटात नवी वेदना सुरू झाली असेल तर सराव त्याच दिवशी थांबवावा, आधी डॉक्टरांना व नंतर प्रशिक्षकाला दाखवावे. नव्या पद्धतीत शरीर चुकीच्या जागेवरून फिरत असण्याची शक्यता असते. दुसरे, चेंडूचे चुकणे तीनचार सरावांनंतरही एकाच नव्या दिशेने वाढत असेल तर. मात्र चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी जमिनीलगत, असा विखुरलेला जात असेल, तर ते पहिल्या पायरीचे लक्षण समजून धीर धरावा. धावसंख्या वाढली, हे तर कारणच नव्हे. त्या दोन महिन्यांत मैदानावर खेळायला जावे, पण फटक्यांची बेरीज करू नये. मित्रांबरोबर पैज तर मुळीच लावू नये. पैज लागली की हात जुन्या सवयीकडे धावतात.

बदल कधी सुरू करावा, याचाही आपल्या धंद्याशी संबंध आहे. मार्चअखेर हिशेबांची, दसरा-दिवाळीत गिऱ्हाइकाची गर्दी. त्या दिवसांत सराव होत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. मैदाने ओली असतात, चेंडू घरंगळत नाही, स्पर्धाही थोड्या. तेव्हा आच्छादित रेंजवर किंवा जाळीसमोर उभे राहून नुसत्या हालचालीकडे लक्ष देता येते. जाळीत चेंडू कोठे गेला हे दिसत नाही, याची अनेकांना खंत वाटते. बदलाच्या पहिल्या महिन्यात ते न दिसणेच बरे.

व्यापारी संघटनेची वार्षिक स्पर्धा जवळ असेल, तर तिच्या तीन आठवडे आधी नवीन सूचना घेणे बंद करावे. शिकवणी घ्यायचीच झाल्यास पटिंगची घ्यावी. स्पर्धा संपल्यावर पुन्हा जेथे थांबलो तेथून आरंभ.

शिकवणीला जाताना खिशात लहानशी वही असावी. मागच्या वेळी काय सांगितले, त्यानंतर सराव किती वेळा झाला आणि चेंडू बहुतेक वेळा कोणीकडे गेला, एवढ्या तीन ओळी पुरेत. सोबत मोबाइलवर दोन चित्रफिती असाव्यात, एक समोरून आणि एक लक्ष्याच्या रेषेत मागून, दोन्ही हातांच्या उंचीवर मोबाइल ठेवून घेतलेल्या. शिकवणी संपताना प्रशिक्षकाला विचारावे, "पुढच्या वेळी मी येईन तेव्हा तुम्हाला माझ्यात कोणती एक गोष्ट झालेली दिसायला हवी?" त्याचे उत्तर वहीत लिहावे, आणि ती गोष्ट चित्रफितीत दिसू लागली की मग पुढची तारीख घ्यावी.