आगीतून उचलून न्यायची कपाटं

१६५७ साली एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, तीन दिवस जळत होतं. चीजवस्तू वाचवायला लोकांनी चाकं लावलेल्या मोठमोठ्या पेट्या रस्त्यावर ओढल्या. अरुंद गल्ल्या त्या पेट्यांनीच तुंबल्या आणि पळणारी माणसं मागे अडकली. पुढे १६८३मध्ये एदो, क्योतो आणि ओसाका इथे अशा चाकांच्या पेट्यांवर बंदी आली. याच सुमारास व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला होता, घरात किमोनो साठू लागले होते. पेटीत तळाचा कपडा हवा तर वरचे सगळे उपसावे लागतात. म्हणून खणांचं कपाट, ‘तान्सू’, सुखवस्तू घरांत शिरलं.

आगीची धास्ती मात्र त्याच्या घडणीत मुरली. पुष्कळसे तान्सू एकावर एक ठेवलेल्या दोन भागांचे असतात. दोन्ही कुशींना लोखंडी कड्या असतात. त्या वर ओढल्या की त्यांतून बांबू घालून दोघे जण कपाट खांद्यावर घेऊन निघू शकतात. हे सामान एक दिवस धावत बाहेर न्यावं लागणार, हे सुताराने आधीच धरलेलं होतं. तान्सूचं सौंदर्य मला सर्वांत जास्त इथेच दिसतं.

लाकूडही तसंच निवडलेलं. कपड्यांच्या तान्सूसाठी किरी, म्हणजे पावलोनिया. जपानी लाकडांत सर्वांत हलकं. दमट हवेत ते किंचित फुगून सांधे घट्ट मिटवतं, कोरड्या दिवसांत सैलावतं; रेशमाला ओल लागत नाही. फळ्या आधी काही वर्षं उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात, त्यातला काळा पडणारा अर्क धुऊन जावा म्हणून. मग कडांना खाचा पाडून फळ्या एकमेकींत गुंतवायच्या आणि खिळे ठोकायचे तेही लाकडाचेच. उत्सुगी नावाच्या झुडपाचे हे खिळे भाताच्या कोंड्याबरोबर भाजून कडक करतात. पृष्ठभाग गवताच्या मुळांच्या कुंचल्याने घासून रेषा उठवायच्या, बारीक मातीची भुकटी लावायची, शेवटी मेणाचा हात. नीट जमलेल्या कपाटाचा एक खण लोटला की आत दबलेल्या हवेने दुसरा आपसूक बाहेर येतो. मुलगी जन्मली की किरीचं रोप लावायचं आणि तिच्या लग्नात त्याच झाडाचा तान्सू करायचा, अशी रीत होती.

औषधांचे असंख्य इवले खण असलेले तान्सू, जिन्याखालची जागा वापरणारे, दुकानातल्या हिशेबवह्यांचे, असे प्रकार पुष्कळ. पण कारागिरीची हद्द पाहायची तर जहाजावरचा फुना-दान्सू पाहावा. ओसाकाहून जपानच्या समुद्रमार्गे होक्काइदोला जाणाऱ्या व्यापारी गलबतांवर नाखवा त्यात परवाने, शिक्के आणि रोकड ठेवी. बाहेर केयाकीचं टणक लाकूड आणि दर्शनी बाजूवर जाड लोखंडी पट्ट्या, आत किरीच्या पेट्या, त्यांच्याही मागे चोरकप्पे. जहाज बुडालं तरी ही पेटी तरंगत राहावी, अशी तिची घडण. सादो बेटावरचं ओगी, साकाता आणि मिकुनी ही तिची गावं. लोककलांचे अभ्यासक यानागी सोएत्सू यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. ते १९६१मध्ये आलं.

सेंदाईचा तान्सू याच्या अगदी उलट, मिरवणारा. केयाकीच्या रेषा दिसतील असं लाखेचं पारदर्शक काम, त्यावर लोखंडात ठोकून काढलेले ड्रॅगन आणि सिंह. सुतार, लाखकाम करणारा आणि लोहार असे तीन कसबी एकाच कपाटावर राबतात.

युद्धानंतर भिंतीतली कपाटं आणि पाश्चात्त्य पोशाख आले, मागणी घटली. तरी निगातातल्या कामो गावी आणि टोकियोजवळच्या कासुकाबेला किरीचे तान्सू अजून घडतात. तिथले कारागीर आजीचा काळवंडलेला तान्सू धुतात, वरचा पातळ थर रंध्याने काढतात, सांधे दुरुस्त करतात आणि नातीच्या घरी पाठवतात. जुना तान्सू कुठे पाहायला मिळाला, तर दर्शनी लोखंडी नक्षीवर थांबू नका. परवानगी घेऊन एक खण पूर्ण बाहेर काढा आणि त्याचा मागचा कोपरा बघा. सुताराची खरी परीक्षा तिथे असते.