मनाचा इलाज, रक्ताचा ताळेबंद

नवी दिल्ली स्थानकाच्या पहाडगंज बाजूने बाहेर पडून हॉटेलांच्या पाट्या आणि रिक्षांची गर्दी ओलांडली, की नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन भेटते. राजधानीतील मराठी माणसाचा हा जुना पत्ता. याच वस्तीतील एक निवृत्त लेखापाल दर महिन्याला निवृत्तिवेतनासाठी आमच्या शाखेत येत. त्यांच्या मुलाला ऐन तारुण्यात स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता जडली होती. औषधांनी तो सावरला, एका दुकानात हिशेब लिहू लागला. "मुलगा परत मिळाला," असे काका समाधानाने सांगत.

एके दिवशी मात्र ते खिन्न दिसले. मुलाचे वजन बेसुमार वाढले होते, तहान भागत नव्हती. तपासणीत उपाशीपोटी साखर २४० भरली. इतक्या वर्षांत ती एकदाही मोजली गेली नव्हती. "साहेब, जमेची बाजू रोज पाहिली, नावेची बाजू पाहायची राहूनच गेली," ते म्हणाले.

ही एका घराची कहाणी नव्हे. तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षांनी कमी असते, आणि हृदयविकार हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. ओलांझापिन, क्लोझापिन यांसारखी औषधे भ्रम आवरतात. पण भूक वाढवतात आणि इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. दोष केवळ औषधांचा नाही. आजारातील निष्क्रियता, बिघडलेली झोप, धूम्रपान यांचाही त्यात वाटा असतो. काही रुग्णांत तर औषध सुरू होण्यापूर्वीच साखरेचे गणित बिघडलेले आढळते.

काय मोजावे?

तपासण्या साध्या आहेत. उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, 'चांगले' एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, आणि कंबरेचा घेर भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक. या पाचांपैकी तीन आढळल्यास त्याला 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणतात. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणीही उपयुक्त आहे. तिचा आकडा ६.५ टक्के किंवा अधिक असणे हे मधुमेहाचे लक्षण मानले जाते.

अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ साली याचे वेळापत्रकच आखून दिले. औषध सुरू करतानाच या नोंदी घ्याव्यात, वजन ४, ८ व १२ आठवड्यांनी पाहावे, साखर व रक्तदाब १२ आठवड्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासावेत. रक्तातील चरबीही १२ आठवड्यांनी पुन्हा पाहावी. पहाडगंजपासून जवळच, १९१६ साली स्थापन झालेल्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी संस्थांत मनोविकार विभाग आणि प्रयोगशाळा दोन्ही आहेत. उणीव असते ती दोन्हींची सांगड घालण्याची.

औषध मात्र सोडू नये

अहवाल पाहून घाबरून औषध परस्पर बंद करणे सर्वांत घातक. त्याने आजार उलटतो. औषध बदलणे, मात्रा ठरवणे किंवा जोडीला मधुमेहाचे औषध देणे, हा निर्णय डॉक्टरांचाच. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण देणे बंधनकारक आहे. आपली पॉलिसी त्या दृष्टीने अवश्य वाचावी. सल्ल्यासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

काकांच्या मुलाचे औषध डॉक्टरांनी हळूहळू बदलले. पितापुत्र आता रोज सकाळी फिरायला जातात आणि काकांनी एका वहीत तारीखवार वजन व साखर लिहायला घेतली आहे. परवा ती वही त्यांनी मला दाखवली. शेवटचा आकडा ११८ होता. पासबुकात दर महिन्याला नोंद करून घेणाऱ्या आपणा सर्वांना ही सवय अवघड नाही. घरात कुणी मनाची औषधे घेत असेल, तर अशी एक वही आजच उघडावी.