एक्स्टेन्शन जुनंच, पण मालक बदलला तर?

'द ग्रेट सस्पेंडर' आठवतंय? न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं क्रोमचं लाडकं एक्स्टेन्शन. वापरणारे २० लाखांहून जास्त! २०२० मध्ये मूळ डेव्हलपरने ते विकलं. पुढे त्यात संशयास्पद कोड सापडला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर ठरवून ते बंद केलं.

एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होतात, त्यामुळे नव्या मालकाने घातलेला कोडही नकळत आपल्यापर्यंत येऊ शकतो. सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची परवानगी दिली असेल, तर बँकेचं पानही त्यांना दिसतं.

म्हणून:
✅ एक्स्टेन्शनची यादी उघडा, नको ती काढून टाका.
✅ साइटची परवानगी 'क्लिक केल्यावरच' अशी ठेवा.
✅ बँकेच्या कामासाठी एक्स्टेन्शन नसलेलं वेगळं ब्राउझर प्रोफाइल वापरा.

आजच पाच मिनिटं काढा. आई-बाबांचा ब्राउझरही तपासून द्या! 🙏