निर्देशांकाची चढण आणि श्रमिकांची चूल

दलाल स्ट्रीटवर निर्देशांक चढला की राज्यकर्त्यांच्या मुखावर तेज येते आणि देशाच्या भरभराटीचे पडघम वाजू लागतात. बाजार चढू नये, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु त्या चढणीवरून श्रमिकांच्या घरची स्थिती ओळखता येते, हा समज मात्र तपासून घेतला पाहिजे.

मुळात हा निर्देशांक मोजतो काय? १९८६ साली सुरू झालेल्या सेन्सेक्समध्ये अवघ्या ३० कंपन्या असतात. त्यांच्या भावी नफ्याविषयी गुंतवणूकदारांना वाटणारी आशा वा धास्ती त्यात उमटते. नाक्यावर कामाची वाट पाहणारा गवंडी, घरकाम करणारी बाई आणि शेतमजूर यांची मजुरी त्या गणितात कोठेच येत नाही.

२०२० सालचा अनुभव याची साक्ष देतो. २३ मार्चला निर्देशांक २६ हजारांखाली कोसळला. दोन दिवसांनी टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्यातून मजुरांचे तांडे पायी गावाकडे निघाले. त्या आर्थिक वर्षात राष्ट्रीय उत्पन्न घटले. ७ कोटींहून अधिक कुटुंबे रोजगार हमीच्या कामावर गेली. तरीही २१ जानेवारी २०२१ रोजी निर्देशांकाने ५० हजारांची पातळी ओलांडली! व्याजाचे दर उतरले होते. स्वस्त झालेला पैसा बाजाराकडे वळला, मजुराच्या हाती तो पडला नाही.

नफा वाढला की मजुरी आपोआप वाढेल, असे काही पंडित सांगतात. परंतु सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने दाखवून दिले की, २०२३-२४ मध्ये बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, तर त्यांच्याकडील रोजगार केवळ १.५ टक्क्याने. यात नवल ते काय? वेतन हा कंपनीच्या लेखी खर्च होय; तो आवरला की नफा फुगतो आणि समभाग वधारतो.

२०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग समभागांत गुंतविला जातो, हे खरे. म्हणून बाजाराशी नोकरदाराचा संबंधच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे असे खातेच नाही, त्याला त्याचा काय लाभ?

तेव्हा महागाई वजा जाता मजुरी किती वाढली, वर्षाकाठी काम किती दिवस मिळाले, हे प्रश्न राज्यकर्त्यांनी आधी विचारावेत. बाजाराचा आकडा रोज सायंकाळी जाहीर होतो. मजुरीच्या आकड्याचीही तितक्याच आस्थेने विचारपूस व्हावी, एवढेच आमचे मागणे आहे.