पोट साफ होत नाही? गरोदरपणातल्या बद्धकोष्ठतेविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

तपासणीला आलेली गरोदर बाई मळमळीबद्दल बोलते, पायांवरची सूज दाखवते, बाळाच्या हालचालींबद्दल विचारते. शौचाची तक्रार मात्र ओठांवरच राहते, त्यातून सोबत सासूबाई किंवा नवरा असेल तर जास्तच. मग जो तो आपल्या परीने सल्ला देतो आणि त्यातले काही सल्ले आईला व बाळाला महागात पडू शकतात.

गैरसमज १ : रोज शौचाला झालं नाही म्हणजे बद्धकोष्ठता.

वस्तुस्थिती : दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही सामान्य असू शकतं. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं ही बद्धकोष्ठतेची एक खूण आहे. पण रोज जाऊनही त्रास असू शकतो. मल लेंड्यांसारखा सुटा आणि कडक होतो का, खडा होतो का, कुंथावं लागतं का, जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटतं का, हे पाहा. दिवस जाण्याआधीची आपली सवय आणि आताची सवय यांत फरक पडला असेल तर तोही लक्षात घ्या.

गैरसमज २ : पोट मोठं झाल्यावरच हा त्रास होतो.

वस्तुस्थिती : तो पहिल्या तीन महिन्यांतही सुरू होऊ शकतो. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आतड्यांचे स्नायूही सैल करतं. अन्न सावकाश पुढे सरकतं, तेवढ्या वेळात मोठं आतडं त्यातलं पाणी जास्त शोषून घेतं आणि मल कडक होतो. पुढच्या महिन्यांत वाढत्या गर्भाशयाचा दाबही पडतो.

गैरसमज ३ : रक्तवाढीच्या गोळ्यांनी खडा होतो, म्हणून त्या बंद कराव्यात.

वस्तुस्थिती : लोहाच्या गोळ्यांनी काहींना बद्धकोष्ठता होते, हे खरं. म्हणूनच सरकारी दवाखान्यातून मिळालेली लाल गोळ्यांची पाकिटं अनेक घरांत फळीवर तशीच पडून राहतात. या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून ती रोज, किमान 180 दिवस घ्यायची असते. रक्त कमी असेल तर मुदतीआधी प्रसूती होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो आणि बाळंतपणातला रक्तस्राव आईच्या जिवावर बेतू शकतो. त्रास होत असेल तर तसं सांगा. डॉक्टर गोळीचा प्रकार किंवा वेळ बदलून देऊ शकतात. चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत लोहाची गोळी घेऊ नका. या गोळ्यांनी मल काळसर होतो, त्याला घाबरू नका. तो डांबरासारखा चिकट झाला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज ४ : कुंथल्याने गर्भ पडतो.

वस्तुस्थिती : नेहमीच्या गरोदरपणात शौचाला जोर केल्याने गर्भपात होत नाही. या भीतीपायी वेग दाबून ठेवला, तर मल आणखी कडक होतो. मात्र सतत कुंथल्याने मूळव्याध आणि गुदद्वाराला चीर पडण्याचा त्रास होतो. कमोडवर बसताना पाय छोट्या स्टुलावर टेकवा आणि घाई करू नका.

गैरसमज ५ : एरंडेल, चूर्ण, काढा ही घरगुती औषधं, त्यांनी अपाय होत नाही.

वस्तुस्थिती : एरंडेल आतड्यांसोबत गर्भाशयाचंही आकुंचन सुरू करू शकतं. सोनामुखी असलेली चूर्णंही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. इसबगोल चालतं, पण भरपूर पाण्यासोबतच. तेवढ्याने भागलं नाही, तर गरोदरपणात देता येतील अशी सारक औषधं डॉक्टरांकडे आहेत.

गैरसमज ६ : दूध-तूप वाढवलं की पोट आपोआप साफ होतं.

वस्तुस्थिती : दूध-तुपात तंतुमय घटक नसतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाज्या आणि पेरू यांत ते भरपूर असतात. हे पदार्थ हळूहळू वाढवा, नाहीतर गॅस होतात. दिवसभरात आठ ते दहा ग्लास पाणी प्या. शेतात किंवा कामावर स्वच्छ संडास नाही म्हणून कित्येक जणी पाणीच कमी पितात. त्याचाही फटका पोटाला बसतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज चाला.

गैरसमज ७ : पोटात दुखतंय, पोट साफ झालं की थांबेल.

वस्तुस्थिती : प्रत्येक दुखणं बद्धकोष्ठतेचं नसतं. थांबून थांबून पोट कडक होणं, कंबरेतून कळा येणं, योनीमार्गे रक्त किंवा पाणी जाणं, ताप, सतत उलट्या, तीव्र पोटदुखी किंवा पोट फुगून वायूही न सरणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. शौचावाटे रक्त गेलं तर मूळव्याधच असेल असं धरून बसू नका, तपासून घ्या.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ही तक्रार स्वतःहून सांगा. डॉक्टरांशी बोलायला अवघड वाटत असेल तर नर्सताईंना किंवा आशाताईंना सांगा. आणि घरच्यांनो, तिला एरंडेल देण्याआधी डॉक्टरांना विचारा.