टू-टू रायफल: नळी कोणती, राउंड कोणता

मराठवाड्यातल्या मुलामुलींच्या हातात पहिली खरी रायफल येते ती बहुधा एनसीसीच्या कॅम्पात. पोटावर पडायचं, दस्ता खांद्यात घट्ट घ्यायचा, श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि समोरच्या कागदावर पाच राउंड टाकायचे. मग उस्ताद कागद आणून दाखवतात: पाच भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली? त्याला ग्रुपिंग म्हणतात. कॅम्प संपला की रायफल कोतात, म्हणजे शस्त्रागारात, परत जाते आणि बहुतेकांचा तिच्याशी संबंध तिथेच संपतो. काहींच्या मनातून मात्र ते कागदावरचं भोक जात नाही. येडशीसारख्या गावात राहणाऱ्या अशा एखाद्याने पुढे परवाना काढून स्वतःची पॉइंट टू-टू घ्यायची ठरवली, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्या प्रकारचे राउंड चालवणारी रायफल कोणती?

हा प्रश्न कायद्यामुळे आणखी टोकदार होतो. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. म्हणजे सरावाला एक, स्पर्धेला दुसरी, हौसेला तिसरी अशी चैन उरलेली नाही. एकाच नळीकडून बरंच काही करून घ्यावं लागतं. शिकारीचा विचार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून बंदच, आणि येडशीकराने तो मनातही आणू नये. गावाला लागून रामलिंगचं अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं हे जंगल जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं, पण २०२४ च्या अखेरीस विदर्भातल्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ तिथे मुक्कामाला थांबला. इथे रायफलीसमोर फक्त कागद असावा.

आता राउंडकडे बघू, कारण रायफलीचं सगळं शहाणपण तिथून सुरू होतं. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी असते आणि पिन तिच्यावर आपटते. टू-टूमध्ये तशी टोपी नसते. पितळी केसच्या बुडाची कड आतून पोकळ असते आणि पेट घेणारं रसायन त्या पोकळीत भरलेलं असतं. पिन कडेवर आपटते, कड चेपते आणि ठिणगी पडते. म्हणून हे ‘रिमफायर’. कड एकदा चेपली की केस कायमची वाया, ती पुन्हा भरता येत नाही. नेमबाजाला कारखान्याने भरून दिलेल्या राउंडवरच अवलंबून राहावं लागतं.

या कुटुंबात भावंडं बरीच. १८४५ च्या सुमारास फ्रान्सच्या फ्लोबेरने दिवाणखान्यात खेळण्यापुरतं पहिलं रूप काढलं. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने .२२ शॉर्ट आणलं, पुढे लाँग आलं आणि १८८७ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल, म्हणजे एलआर. आज जगभर टू-टू म्हणून जे चालतं ते हेच एलआर. गोळी शिशाची, ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. शॉर्टची गोळी २९ ग्रेनची आणि केसही आखूड. मॅग्नम नावाचं १९५९ सालचं आणखी एक भावंड आहे, पण त्याची केस जाड आणि लांब. एलआरच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी राउंड बसतो त्या खोबणीत, ते बसत नाही आणि मॅग्नमच्या चेंबरमध्ये एलआर घालणं धोक्याचं, कारण केस सैल राहून फाटते. ‘सगळं चालवणारी’ याचा अर्थ इथपर्यंत कधीच जात नाही. नळीवर जे कोरलेलं आहे तेवढंच तिच्यात घालायचं.

एलआरच्या आतही वेगावरून तट पडतात. स्टँडर्ड राउंड सेकंदाला ३२०-३३० मीटरने निघतो, हाय व्हेलॉसिटी ३८० च्या आसपास, आणि सीसीआय स्टिंगरसारखी हलकी गोळी ५०० मीटरपर्यंत. एनसीसीच्या काही मार्गदर्शिकांत टू-टूचा वेग सेकंदाला २७०० फूट छापलेला आढळतो. तो आकडा मोठ्या लष्करी काडतुसाला शोभतो, या राउंडला नाही. कॅडेटने तो पाठ करू नये असं मला मनापासून वाटतं.

आवाजाचा वेग ही इथली सीमारेषा. तिच्या वर निघालेली गोळी वाटेत मंदावून ती रेषा ओलांडते तेव्हा हवेच्या धक्क्याने डगमगते आणि ग्रुप पसरतो. स्टँडर्ड गोळी पहिल्यापासून रेषेखाली असते, म्हणून ती शांत जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्याचा इथे थेट संबंध येतो. दहा अंशांच्या पहाटे आवाजाचा वेग सेकंदाला ३३७ मीटर असतो, चाळीस अंशांच्या दुपारी ३५५. तापलेली दारू गोळीलाही थोडा जास्त वेग देते. त्यामुळे जानेवारीत जुळवलेला नेम मे महिन्यात तसाच धरून चालत नाही. शिवाय टू-टूच्या गोळीवरचं मेण केसबाहेर उघडं असतं. उन्हात ते मऊ पडतं, त्याला धूळ चिकटते आणि ती धूळ नळीत जाते. डबी सावलीत ठेवावी आणि राउंड मातीत पडला तर पुसून मगच घालावा.

यातून रायफलीची निवड हळूहळू स्पष्ट होते. सेमी-ऑटोमॅटिक टू-टू राउंडच्याच धक्क्यावर केस बाहेर फेकते आणि पुढचा राउंड आत घेते. १९६४ पासून चालत आलेली रुगर १०/२२ हे तिचं नामांकित उदाहरण. पण राउंड मवाळ असला की धक्का अपुरा पडतो आणि केस अडकते. म्हणजे अशी रायफल राउंडच्या बाबतीत चोखंदळ. बोल्ट-ॲक्शनला तो धक्का लागतच नाही. बोल्ट तुमच्या हाताने मागे जातो, हाताने पुढे येतो. मंद स्टँडर्ड असो की तेज हाय व्हेलॉसिटी, ती घेते. विविध राउंड वापरायचे असतील तर बोल्ट-ॲक्शनच घ्यावी, यात मला शंका नाही. परवानाधारकांच्या घरांत अजून टिकून असलेली चेक बनावटीची जुनी ब्रनो आणि इशापूरच्या कारखान्यातली स्पोर्टिंग रायफल, दोन्ही याच जातीच्या.

शॉर्ट एलआरच्या चेंबरमध्ये बसतं, पण एलआरसाठी बनवलेल्या मॅगझिनमधून ते नीट चढत नाही. एकेक हाताने घालावं लागतं. त्याहून मोठी अडचण आतली. आखूड केसपुढे रिकामी जागा उरते आणि तिथे काजळी व शिशाचं कडं जमतं. पुढे एलआर घातलं की ते त्या कड्यावर अडतं. नळीतल्या आट्यांचंही तसंच. एलआरच्या नळीत आटा साधारण १६ इंचांत एक फेरा घेतो. शॉर्टच्या हलक्या गोळीला त्याहून सैल फेरा मानवतो. चालतं म्हणून शॉर्ट वापरायचं असेल तर वापरावं, पण त्याच नळीकडून एलआरची अचूकता मागायची असेल तर टाळावं.

चेंबरची घट्टाई हा खरा पेच. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलीचं चेंबर इतकं काटेकोर असतं की राउंड आत बसतानाच गोळीवर आट्यांच्या खुणा उमटतात. गोळी दरवेळी त्याच जागेवरून, त्याच सरळ रेषेत सुटते. अन्शुट्झ, वॉल्थर, ब्लायकर यांची कीर्ती या शिस्तीवर उभी आहे. पण स्टिंगरची केस नेहमीच्या एलआरहून लांब असते, ती अशा चेंबरमध्ये घालू नये. चेंबर मळलं तर साधा राउंडही जोर लावून बसवावा लागतो. स्पोर्टिंग चेंबर थोडं ऐसपैस असतं. ते बहुतेक राउंड स्वीकारतं आणि त्या बदल्यात थोडी अचूकता सोडतं.

अनेक राउंड चालवण्याची किंमत तेवढीच नाही. राउंड बदलला की नेमही सरकतो. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. स्टँडर्ड गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते, हाय व्हेलॉसिटी साडेनऊ-दहा. म्हणजे नेम न बदलता फक्त डबी बदलली तरी गोळी दोनेक सेंटिमीटर सरकते, दहाच्या वर्तुळाच्या पार बाहेर. म्हणून अनेक राउंड चालवणाऱ्या रायफलीवर नेमयंत्रणा अशी हवी की प्रत्येक क्लिक मोजून पुढे नेता यावी आणि तितक्याच क्लिक मागे आणल्या की पहिला झीरो, म्हणजे आधी जुळवलेला नेम, जसाच्या तसा मिळावा. दुकानात लोक दस्त्याचं लाकूड निरखतात. क्लिक मोजत नाहीत.

वरच्या पायरीवर तर राउंडची जात जुळूनही भागत नाही, लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, जुळावा लागतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटांत एकाच नळीतून वेगळे ग्रुप पडतात. इंग्लंडची इली आणि फिनलंडची लापुआ यांच्याकडे नेमबाजाची रायफल शिकंज्यात बांधून लॉटमागून लॉट झाडून बघण्याची सोय असते. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिक कांस्य घेतलं ते ४५१.४ गुणांवर. तिसऱ्या स्थानापर्यंत ४४ राउंड झाडावे लागतात, म्हणजे सरासरी १०.२ च्या वर, तीही गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पडून, ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जगज्जेतेपद मिळवलं. साठ राउंडांत फक्त तीन गुण गेले. या पातळीवर नळी आणि राउंड यांची जोडी आधी जमलेली असावीच लागते, तरच माणसाचं कसब कागदावर दिसतं. आणि नेमबाज अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतूनच झाली, हे येडशीच्या कॅडेटने लक्षात ठेवावं.

आपल्याकडच्या माणसाने मात्र युरोपचे लॉट डोळ्यांसमोर ठेवून रायफल घेऊ नये. वर्षभर कोणता राउंड हाती येणार आहे, हे आधी ठरवावं. आयुध निर्माणीचा देशी स्टँडर्ड राउंड सरावाला, आणि मिळेल तेव्हा आयातीचा स्पर्धेला, हा रिवाज शहाणा आहे. मग त्या दोन्हींवर रायफल पारखावी. वाळूच्या पिशवीवर टेकवून, पन्नास मीटरवर, प्रत्येक राउंडचे पाच-पाचचे पाच ग्रुप. राउंड बदलला की आधीचं मेण नळीतून जाईपर्यंतचे पहिले दहा-पंधरा हिशेबात धरायचे नाहीत. तीन भोकांचा एखादा सुंदर ग्रुप दाखवून विकणाऱ्याचं ऐकू नये. पंचवीस भोकं खोटं बोलत नाहीत.

जुनी ब्रनो घेताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिल्याने काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खड्डा पडतो. मग केस अडकायला लागते. आणि चेंबरपुढे शॉर्टच्या वापराचं कडं राहिलं आहे का, हे उजेडात नळी धरून मागच्या बाजूने तपासावं. काजळी घासून जाते. धातूच खाल्ला गेला असेल तर एलआरची केस तिथे फुगते, ओढून काढावी लागते, आणि ती नळी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्यावी.